विश्लेषण : कर्करोगाच्या फाइलवरचे ‘ग्रे’ कोण? किरणांची मात्रा मोजायला शिकवणाऱ्या शास्त्रज्ञाची गोष्ट

रेडिएशन सुरू असलेल्या रुग्णाच्या फाइलमध्ये एक आकडा हमखास दिसतो. ५० ग्रे, २५ फ्रॅक्शन. काही जुने डॉक्टर तोच आकडा ५००० सेंटिग्रे असा लिहितात. नातेवाईक तो मोबाइलमध्ये टिपून घेतात, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतात, किती झाले आणि किती राहिले याचा हिशेब ठेवतात. ‘ग्रे’ म्हणजे काय, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. लुई हॅरोल्ड ग्रे हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ. जवळच्यांसाठी हॅल ग्रे. १९०५ मध्ये जन्म, १९६५ मध्ये मृत्यू. त्यांच्या नावाचे एकक जगाने स्वीकारले ते १९७५ मध्ये, म्हणजे ते पाहायला ते स्वतः नव्हते.

सध्या ग्रे यांची आठवण काढण्याचे निमित्त म्हणजे किरणोपचारातील एक विलक्षण तंत्र. जिलेटिनच्या जेलीवर किरण सोडायचे आणि ती जेली एमआरआय यंत्रात ठेवून कुठे किती मात्रा पडली याचा त्रिमितीय नकाशा काढायचा. याला जेल डोसिमेट्री म्हणतात. हे तंत्र ग्रे यांच्या मृत्यूनंतर जवळपास दोन दशकांनी आले. पण त्यातला प्रत्येक आकडा त्यांच्याच नावाने लिहिला जातो, आणि ज्या प्रश्नांशी ते आयुष्यभर झुंजले तेच दोन प्रश्न जेलीच्या बरणीतही उभे राहतात. मोजणारी वस्तू मोजमापात ढवळाढवळ करते का, हा पहिला. ऑक्सिजनचे काय, हा दुसरा.

एक ग्रे म्हणजे नेमके किती?

व्याख्या सोपी आहे. एक किलो वजनाच्या पदार्थाने किरणांमधून एक ज्यूल ऊर्जा शोषली, तर मात्रा झाली एक ग्रे. आता गंमत अशी की ही ऊर्जा अगदीच क्षुल्लक आहे. एक किलो पाण्याला एक ग्रे मात्रा दिली तर त्याचे तापमान साधारण ०.०००२४ अंश सेल्सिअसने वाढते. घरातल्या तापमापकाला याचा पत्ताही लागणार नाही.

आणि तरीही संपूर्ण शरीरावर एकदम ४ ग्रे मात्रा पडली, तर उपचार न मिळाल्यास माणूस दगावण्याची शक्यता मोठी असते. ७० किलोच्या माणसासाठी ही ऊर्जा होते २८० ज्यूल. गरम चहाचा अर्धा चमचा पोटात गेल्यावर शरीराला जेवढी उष्णता मिळते, साधारण तेवढीच. चहाने काही होत नाही, किरणांनी जीव जातो. कारण चहाची ऊर्जा सगळ्या रेणूंमध्ये सारखी वाटली जाते, तर किरणांची ऊर्जा मोजक्या ठिकाणी, रेणूचे बंध तोडण्याइतक्या मोठ्या घासांनी पडते. त्या मोजक्या ठिकाणांमध्ये पेशीचा डीएनए असला की नुकसान होते.

म्हणजे मोजायची गोष्ट अतिशय लहान आणि तिचे परिणाम अतिशय मोठे. किरणोपचारात ठरवलेली आणि प्रत्यक्ष दिलेली मात्रा यांच्यातला फरक पाच टक्क्यांच्या आत असावा, ही शिफारस जुनी आहे. मात्रा कमी पडली तर गाठ परत येते. जास्त झाली तर शेजारचा मज्जारज्जू, आतडे किंवा लाळग्रंथी कायमच्या दुखावतात. हे माप ऊर्जेत मांडायला हवे, हा आग्रह ज्यांनी धरला त्यांत हॅल ग्रे आघाडीवर होते.

शिष्यवृत्तीवर शिकलेला मुलगा

ग्रे यांचा जन्म १० नोव्हेंबर १९०५ रोजी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये झाला. आईवडिलांचे ते एकुलते एक अपत्य. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण झाले ते शिष्यवृत्त्यांच्या जोरावर. हॉर्शमजवळच्या क्राइस्ट्स हॉस्पिटलमध्ये ते शिकले. नावात हॉस्पिटल असले तरी ही शाळा आहे, गरीब घरांतल्या हुशार मुलांना वाव देणारी म्हणून इंग्लंडमध्ये शतकानुशतके ओळखली जाणारी. तिथून १९२४ मध्ये केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज आणि पदवीनंतर थेट कॅव्हेंडिश प्रयोगशाळा.

त्या काळचे कॅव्हेंडिश म्हणजे अणुविज्ञानाची पंढरी. संचालक अर्नेस्ट रदरफर्ड. जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला तो इथेच. कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी अणूचे केंद्रक फोडले तेही त्याच वर्षी आणि इथेच. मुंबईहून आलेले होमी भाभा याच सुमारास केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी संपवून भौतिकशास्त्राकडे वळले होते.

ग्रे यांच्या वाट्याला आलेला विषय त्या मानाने रुक्ष वाटावा असा होता. शक्तिशाली गॅमा किरण शिसे, लोखंड, ॲल्युमिनियम अशा पदार्थांत किती शोषले जातात, याची मोजमापे. जी. टी. पी. टॅरंट यांच्यासोबत हे काम करताना त्यांना काहीतरी विचित्र दिसले. जड पदार्थांमध्ये शोषण हिशेबापेक्षा जास्त होत होते आणि त्या पदार्थातून ठरावीक ऊर्जेचे नवेच किरण बाहेर पडत होते. त्यातल्या एका घटकाची ऊर्जा सुमारे अर्धा दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट होती. ग्रे आणि टॅरंट यांनी याचे कारण अणूच्या केंद्रकात शोधले.

कारण तिथे नव्हते. गॅमा किरणातून इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन अशी जोडी जन्म घेत होती आणि पॉझिट्रॉन नष्ट होताना तो अर्ध्या दशलक्षाचा किरण बाहेर पडत होता. पॉझिट्रॉनचा शोध कार्ल अँडरसन यांनी १९३२ मध्ये अमेरिकेत लावला आणि नोबेल मिळवले. म्हणजे ग्रे यांच्या मोजमापात एक मोठा शोध अक्षरशः पडून होता. हा त्यांचा एकट्याचा दोष म्हणता येणार नाही. कॅलिफोर्नियात चाओ आणि बर्लिनमध्ये लिझ माइटनर यांच्या गटालाही अशीच विसंगती दिसली होती आणि त्यांनाही तिचा उलगडा झाला नव्हता. आज कर्करोगाच्या निदानासाठी जे पेट स्कॅन करतात, ते नेमके याच अर्ध्या दशलक्षाच्या किरणांवर चालते.

एवढ्याशा पोकळीचे महत्त्व

कॅव्हेंडिशमधल्या याच काळात ग्रे यांच्या हातून एक असे काम झाले, ज्यावर आजही जगातले प्रत्येक किरणोपचार केंद्र उभे आहे. प्रश्न होता, एखाद्या पदार्थाच्या आत किरणांची किती ऊर्जा शोषली गेली हे मोजायचे कसे? तापमान वाढते, पण ते मोजता येत नाही इतके कमी. हवेत किरण गेले की हवेचे आयन होतात आणि त्यांचा विद्युतप्रवाह मात्र छान मोजता येतो. पण आपल्याला हवेतली मात्रा नको, पदार्थाच्या आतली हवी.

यावर उपाय म्हणजे पदार्थाच्या आत हवेची एक पोकळी ठेवायची. इथे अडचण लगेच लक्षात येते. नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला आपण मधोमध मोठा दगड टाकून उभे राहिलो, तर जो वेग मोजू तो त्या दगडाने बदललेल्या प्रवाहाचा असेल. पोकळीचेही तसेच. ती मोठी असेल तर किरणांनी उसळवलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाहच बदलेल. ग्रे यांनी दाखवले की पोकळी पुरेशी लहान ठेवली, इलेक्ट्रॉनांना तिचा पत्ता लागणार नाही इतकी लहान, तर पोकळीतले आयन मोजून भोवतालच्या पदार्थाने प्रति ग्रॅम किती ऊर्जा शोषली हे काढता येते. त्यासाठी दोनच गोष्टी माहीत हव्यात. हवेत आयनांची एक जोडी तयार व्हायला किती ऊर्जा लागते, ही पहिली. ती सुमारे ३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. आणि तो पदार्थ हवेच्या तुलनेत इलेक्ट्रॉनांना किती अडवतो, ही दुसरी.

अशी कल्पना विल्यम हेन्री ब्रॅग यांनी आधी मांडली होती. ग्रे यांनी १९२९ मध्ये आणि मग अधिक काटेकोरपणे १९३६ मध्ये तिला गणिती रूप दिले. म्हणून तिला ब्रॅग-ग्रे सिद्धांत म्हणतात. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात असो की एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या छोट्या केंद्रात, मेडिकल फिजिसिस्ट सकाळी मशिन तपासताना पाण्याच्या टाकीत बोटाएवढा आयन चेंबर सोडतो, तेव्हा त्याच्या हिशेबाच्या मुळाशी हाच सिद्धांत असतो.

केंब्रिज सोडून रुग्णालयात

१९३२ मध्ये ग्रे यांचा विवाह झाला. पत्नी फ्रेया पिको केंब्रिजमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थिनी होत्या आणि त्या दृष्टिहीन होत्या. पुढच्याच वर्षी ग्रे यांनी असा निर्णय घेतला जो त्या काळात उलट्या दिशेचा वाटावा. ट्रिनिटीची फेलोशिप आणि रदरफर्ड यांची प्रयोगशाळा सोडून ते लंडनच्या वायव्येला असलेल्या नॉर्थवूडमधील माउंट व्हर्नन रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. रुग्णालयाला भौतिकशास्त्रज्ञ कशाला लागतो, हे तेव्हा बहुतेक रुग्णालयांनाही माहीत नव्हते.

कर्करोगावर रेडियम आणि क्ष-किरण वापरायला सुरुवात होऊन तोवर तीस वर्षे उलटून गेली होती. पण मात्रा मोजण्याची रीत दीर्घकाळ कशी होती? रुग्णाची त्वचा लाल होईपर्यंत किरण द्यायचे. त्वचा लाल झाली की ती एक मात्रा. गोऱ्या माणसाची त्वचा आणि सावळ्या माणसाची त्वचा, पोटावरची आणि पाठीवरची, सगळ्यांना एकच फूटपट्टी. १९२८ मध्ये राँटजेन हे आंतरराष्ट्रीय एकक ठरले तेव्हा थोडी शिस्त आली. पण राँटजेन सांगायचा की हवेत किती आयन तयार झाले. शरीराने किती ऊर्जा घेतली, हे नाही.

हा फरक न्यूट्रॉनांनी चव्हाट्यावर आणला. ग्रे यांनी माउंट व्हर्ननमध्ये १९३७ च्या सुमारास स्वतःचे न्यूट्रॉन जनित्र उभे केले. पैसा तुटपुंजा होता आणि रुग्णालयात असे यंत्र असणे हीच नवलाई. जॉन रीड हे त्यांचे साथीदार. पेशींवर न्यूट्रॉनांचा परिणाम आणि गॅमा किरणांचा परिणाम यांची तुलना त्यांना करायची होती. त्यासाठी निवडलेली वस्तू होती घेवड्याच्या जातीतील बाकला या शेंगेची कोवळी मुळे. किरण पडले की मुळाची वाढ मंदावते आणि ती पट्टीने मोजता येते. अब्जावधींच्या यंत्रांच्या जमान्यात हे वाचताना हसू येईल, पण निष्कर्ष ठणठणीत होते.

तुलना करायची तर दोन्हींना एकच माप हवे. इथे राँटजेन कामाचा नव्हता. न्यूट्रॉन आपली ऊर्जा मुख्यतः हायड्रोजनच्या केंद्रकांना धडका देऊन टाकतात. शरीरात पाणी आणि चरबीमुळे हायड्रोजन भरपूर, हवेत जवळपास नाहीच. हवेवर बेतलेले माप शरीराबद्दल दिशाभूल करणार हे उघड होते. म्हणून १९४० मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे एकक सुचवले. किरण कोणत्याही जातीचे असोत, ऊतीने किती ऊर्जा शोषली तेच मोजा. एक राँटजेन गॅमा किरणांनी पाण्यात जेवढी ऊर्जा पडते तेवढी पडली की एक एकक. त्याचे नाव होते ग्रॅम-राँटजेन.

नाव टिकले नाही, विचार टिकला. १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने रॅड हे एकक स्वीकारले, तेही शोषलेल्या ऊर्जेचेच. आणि १९७५ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेने एक ज्यूल प्रति किलोला ग्रे हे नाव दिले. एक ग्रे म्हणजे १०० रॅड. म्हणूनच रॅडमध्ये विचार करायची सवय असलेले डॉक्टर अजून सेंटिग्रे लिहितात, कारण एक सेंटिग्रे बरोबर एक रॅड होतो आणि डोक्यातले जुने आकडे बदलावे लागत नाहीत.

हॅमरस्मिथचा वाद आणि ऑक्सिजनचा ध्यास

युद्धानंतर ग्रे लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या किरणोपचार संशोधन केंद्रात गेले. तिथे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ यांना एका छपराखाली आणले. एव्हाना ते स्वतः अर्धे जीवशास्त्रज्ञ झाले होते. मात्रा अचूक मोजता येऊ लागली होती, आता प्रश्न होता तो वेगळाच. तीच मात्रा देऊनही काही गाठी विरघळतात आणि काही तशाच राहतात, असे का?

ऑक्सिजनकडे बोट दाखवणारी निरीक्षणे आधीपासून होती. माउंट व्हर्ननमधील ज्येष्ठ सहकारी जे. सी. मॉट्रम यांनी ती केली होती. ग्रे यांनी त्यांचा पाठपुरावा नेटाने केला. पेशीत किरण गेले की रेणूंचे तुकडे होतात, त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ही फार चंचल असतात. काही क्षणांत ती पुन्हा जुळून रेणू दुरुस्तही होऊ शकतो. पण तेवढ्यात जवळ ऑक्सिजन असेल तर तो त्या तुटलेल्या टोकाला चिकटतो आणि दुरुस्ती अवघड होते. नुकसान पक्के होते. परिणामी ऑक्सिजन नसलेली पेशी मारायला ऑक्सिजन असलेल्या पेशीच्या अडीच ते तीन पट मात्रा लागते. १९५३ मध्ये ग्रे आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिऑलॉजीत आला.

नेमके त्याच वर्षी त्यांना हॅमरस्मिथ सोडावे लागले. केंद्राच्या कामाची दिशा काय असावी यावरून वरिष्ठ पातळीवर मतभेद होते. ते विकोपाला गेले आणि माघार ग्रे यांना घ्यावी लागली. वय ४७, जगभरात नाव झालेले, आणि हातात प्रयोगशाळा नाही. संशोधन संस्थांमधले असे वाद कागदपत्रांत सभ्य भाषेत विरून जातात, पण एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांवर त्यांचे ओझे पडते ते पडतेच.

ग्रे यांचे नशीब असे की त्यांच्या मागे माणसे उभी राहिली. ब्रिटिश एम्पायर कॅन्सर कॅम्पेन या संस्थेने पैसा दिला. तरुण डॉक्टर ऑलिव्हर स्कॉट आणि भौतिकशास्त्रज्ञ जॅक बोग सोबत आले. जागा मिळाली ती माउंट व्हर्ननमध्येच, जिथून वीस वर्षांपूर्वी त्यांनी रुग्णालयातले काम सुरू केले होते. नव्या इमारतीत कामकाज पूर्णपणे बसायला काही वर्षे गेली. ही संस्था पुढे ग्रे प्रयोगशाळा या नावाने ओळखली गेली.

इमारत उभी राहत असताना, १९५५ मध्ये, ग्रे आणि आर. एच. टॉमलिन्सन यांनी जे केले त्याला यंत्र जवळपास लागलेच नाही. सूक्ष्मदर्शक, फुफ्फुसाच्या कर्करोगाचे पातळ काप आणि थोडे गणित. काही गाठींमध्ये कर्कपेशी दोरासारख्या लांबट पुंजक्यांत वाढतात, रक्तवाहिन्या त्या दोराच्या बाहेर असतात. बारीक दोर सगळा जिवंत असायचा. जाड दोराच्या मध्यभागी मृत पेशींचा गाभा दिसायचा. दोर कितीही जाड असला तरी बाहेरच्या जिवंत कड्याची जाडी एका मर्यादेपलीकडे जात नव्हती. ही मर्यादा सुमारे १८० मायक्रॉन, म्हणजे दोनअडीच केसांच्या जाडीएवढी. पेशी वापरत असताना ऑक्सिजन ऊतीत किती आत झिरपू शकेल, याचे गणित ग्रे यांनी केले. उत्तर जवळपास तेवढेच आले.

याचा अर्थ भयंकर होता. मेलेल्या गाभ्याच्या आणि जिवंत कड्याच्या सीमेवर अशा काही पेशी असणार, ज्या गुदमरलेल्या आहेत पण मेलेल्या नाहीत. ऑक्सिजन कमी म्हणून किरणांना दाद देणार नाहीत आणि बाहेरच्या पेशी मेल्या की तिथूनच गाठ पुन्हा डोके वर काढेल. रुग्णांना जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या कोठीत ठेवून किरण देण्याचे प्रयोग लंडनमध्ये पन्नाशीच्या दशकातच सुरू झाले. किरण एकदम न देता २५-३० दिवसांत तुकड्यातुकड्याने का द्यायचे, याचे एक कारणही पुढे यातूनच उमगले. बाहेरचा थर मेला की आतल्या गुदमरलेल्या पेशींपर्यंत ऑक्सिजन पोहोचतो आणि पुढच्या फ्रॅक्शनला त्या सापडतात. रोज पंचवीस दिवस बसने रुग्णालयात खेटे घालावे लागतात म्हणून वैतागलेल्या रुग्णाला हे कोणी सांगितले, तर वैताग थोडा कमी होईल.

ग्रे १९६१ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पुढच्या वर्षी त्यांच्याच प्रयोगशाळेत बोग आणि अमेरिकेहून आलेले एडविन हार्ट यांनी पाण्यातला मोकळा इलेक्ट्रॉन, तथाकथित हायड्रेटेड इलेक्ट्रॉन, प्रकाशाच्या वर्णपटात पकडला. किरण पाण्यात गेल्यावर पहिल्या काही मायक्रोसेकंदांत काय घडते, याचे हे थेट दर्शन होते. ९ जुलै १९६५ रोजी नॉर्थवूडमध्ये हॅल ग्रे यांचे निधन झाले. साठी गाठायला चार महिने बाकी होते.

मग जेली कुठून आली?

आयन चेंबर एका बिंदूवरची मात्रा सांगतो, फोटोफिल्म एका पातळीवरची. पण किरणोपचार बदलत गेले. संगणकाच्या मदतीने किरणांचा झोत प्रत्येक कोनातून वेगळ्या आकाराचा करून गाठीभोवती मात्रा शिवल्यासारखी बसवता येऊ लागली. काही मिलिमीटर अंतरात मात्रा ६० ग्रेवरून २० वर यायला हवी. अशा वेळी एका बिंदूवरचे माप पुरत नाही, सगळा घनाकार हवा.

१९८४ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन गोर आणि सहकाऱ्यांनी एक जुनी युक्ती नव्या यंत्राला जोडली. जुनी युक्ती म्हणजे ह्यूगो फ्रिकी यांनी १९२७ मध्ये मांडलेले लोहाच्या क्षाराचे द्रावण. किरण पडले की त्यातले फेरस आयन फेरिक होतात. गोर यांनी ओळखले की फेरिक आयनांच्या शेजारचे पाणी एमआरआयमध्ये वेगळा संकेत देते. द्रावण जिलेटिनमध्ये किंवा अगारमध्ये घट्ट केले की मात्रेचे चित्र मिळते. फक्त एक मोठी खोट. फेरिक आयन जेलीत हळूहळू पसरतात आणि ओल्या कागदावरच्या शाईसारखे चित्र फुटत जाते. किरण दिल्यावर लगबगीने स्कॅन करावा लागतो.

१९९३ मध्ये याच गटाने त्यावर तोडगा काढला. जिलेटिनसारख्या घट्ट माध्यमात मोनोमर, म्हणजे प्लास्टिकचे सुटे मणी, मिसळायचे. किरणांमुळे पाण्यात मुक्त मूलके तयार होतात, ती मण्यांची माळ ओवायला सुरुवात करतात आणि जिथे जास्त मात्रा तिथे जास्त पॉलिमर. या लांब माळा जागच्या हलत नाहीत, चित्र टिकते. किरण पडलेला भाग दुधाळ पांढरा होतो, अगदी उघड्या डोळ्यांनी दिसतो. किरणांचा आकार असा काचेच्या बरणीत तरंगताना पाहणे हा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी एक वेगळाच अनुभव असतो.

एमआरआय मोजते ते पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत किती लवकर विझतो ते. पॉलिमरच्या जाळ्यात अडकलेले पाणी लवकर विझते, मोकळे पाणी सावकाश. हा विझण्याचा दर एका मर्यादेपर्यंत मात्रेच्या जवळपास सरळ प्रमाणात वाढतो. त्याच घाणातली जेल छोट्या नळ्यांत भरून त्यांना माहीत असलेली मात्रा द्यायची, नळ्यांवरून आलेख काढायचा आणि मोठ्या बरणीतल्या प्रत्येक ठिकाणचा दर ग्रेमध्ये बदलायचा. नळ्यांना दिलेली ती मात्रा मोजायची कशाने? आयन चेंबरने, म्हणजे पुन्हा ग्रे यांच्या पोकळीनेच. बरणीत मात्र पोकळीचा प्रश्न उरत नाही. जेल नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते, जवळपास ऊतीसारखीच. जी मोजते तिच्यातच मात्रा पडते, नदीत वेगळा दगड टाकावा लागत नाही.

हे सगळे इतके सुबक असेल तर जेल प्रत्येक रुग्णालयात का नाही? कारण ती बनवणे आणि सांभाळणे कटकटीचे आहे. ॲक्रिलामाइड हा मोनोमर मज्जासंस्थेला घातक, हातमोज्यांशिवाय काम नाही. प्रत्येक घाण थोडा वेगळा उतरतो. स्कॅन करताना जेलचे तापमान सगळीकडे सारखे नसेल तर आकडे घसरतात. आणि एमआरआय यंत्रावर रुग्णांची रांग असताना बरणीसाठी तासभर कोण देणार? त्यामुळे जेल वापरली जाते ती मुख्यतः संशोधनात आणि नवे यंत्र किंवा नवी पद्धत सुरू करताना, नियोजनापासून किरण देण्यापर्यंतची सगळी साखळी एकदम तपासण्यासाठी. एमआरआय आणि किरणयंत्र एकत्र असलेली नवी उपकरणे आल्यापासून तिला पुन्हा भाव आला आहे. चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनांचे मार्ग वाकतात, हवेची पोकळी असलेल्या चेंबरला तिथे वेगळ्या दुरुस्त्या लागतात. जेलला त्या मानाने फारसा फरक पडत नाही.

सर्वांत मोठी कटकट मात्र ऑक्सिजनची. पॉलिमर जेलमध्ये हवा शिरली की माळ ओवली जाण्याआधीच ऑक्सिजन मुक्त मूलकांना चिकटतो आणि मणी सुटेच राहतात. किरण पडूनही तिथे चित्र उमटत नाही. गाठीत ऑक्सिजन असला तर किरणांचे नुकसान पक्के होते, बरणीत असला तर किरणांची खूणच पुसली जाते. रसायन दोन्हीकडे तेच. म्हणून सुरुवातीला ही जेल नायट्रोजनच्या बंद पेटीत बनवावी लागे. २००१ मध्ये एक वेगळी कृती आली. त्यात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे साधे क जीवनसत्त्व, आणि चिमूटभर मोरचूद टाकतात. ही जोडी जेलमधला ऑक्सिजन गिळून टाकते आणि मग जेल उघड्या टेबलावरही बनवता येते. तरी बरणीचे झाकण घट्ट लावावेच लागते. प्लास्टिकची बरणीही चालत नाही, कारण बऱ्याच प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो आणि भिंतीलगतची मात्रा कमी दिसते. त्यासाठी शक्यतो काचच घेतात.